शून्यसाक्षी

निश्चुंबक खोलीचं दार बँकेच्या तिजोरीसारखं जाड होतं. ते लावून घेतलं की बाहेरचा सगळा चुंबकीय गोंगाट बाहेरच राही. रस्त्यावरच्या गाड्या, लिफ्टच्या मोटारी, माणसांच्या खिशातले फोन, इतकंच काय, खुद्द पृथ्वीचं चुंबकत्वसुद्धा दाराशी थबके. आत उरे ती एक लाकडी खुर्ची, एक पडदा आणि विभावरी सबनीस.

महिन्यातून एकदा तिला या खोलीत बसवलं जाई. डोक्याभोवती विस्मयमापकाचा पट्टा आणि समोर पडद्यावर एकामागून एक चित्रं. सोन्यानं मढवलेले कळस. नदीकाठी तेवणाऱ्या असंख्य पणत्या. रंगीत काचांमधून उंच सभागृहात उतरणारा उजेड. मैदानभर एकाच वेळी टेकलेली कपाळं. कानात कधी समूहगान, कधी घंटानाद, कधी एखाद्या नामवंताचा भरदार सूर. ही यादी विद्वानांच्या समितीनं बरीच भांडणं करून ठरवली होती, आणि कुठल्याही धर्माची तक्रार येऊ नये अशी तिच्यात चोख व्यवस्था होती. विभावरी हे सगळं बसस्टॉपवरच्या जाहिराती बघाव्यात तसं बघायची. बाहेर तन्वीर मुकादमच्या संगणकावर एक सरळ रेघ उमटत राहायची.

"ताई, आज तरी हलवा की जरा," तन्वीरचा आवाज भिंतीतल्या स्पीकरमधून आला. "ही रेघ बघून माझ्या डोळ्यांवर झापड येते."

"तुझा पगार त्या रेघेवरच चालतो," विभावरी म्हणाली. "झोप, पण खुर्चीतून पडू नकोस."

तन्वीर या यंत्राचा अभियंता होता आणि विभावरी त्याच यंत्राचा एक भाग होती. असं म्हटलेलं तिला चालायचं. तिला बहुतेक सगळंच चालायचं. पूर्वी ती एका शाळेत चित्रकला शिकवायची आणि मुलांनी आकाश निळंच रंगवलं की चिडायची. सहा वर्षांपूर्वी तिचा नवरा उपेंद्र लांबलेल्या आजारात गेला. दिवसकार्य उरकून पाहुणे पांगले तेव्हा आपण एकदाही रडलो नाही हे तिच्या ध्यानात आलं. त्याचं आपल्याला काही वाटतही नाही, हे आणखी काही दिवसांनी ध्यानात आलं. मग गाणी, जेवणाची चव, जुन्या मैत्रिणी, रंग हे सगळं एकेक करून बंद झालं. तिला दुःख होत नव्हतं. तिला काहीच होत नव्हतं. डॉक्टरांनी भावशून्यता असं नाव दिलं, गोळ्या दिल्या आणि पुण्याच्या अनुभूती मापन केंद्राकडे तपासणीसाठी पाठवलं. तिथले संचालक डॉक्टर नचिकेत रेगे यांनी तिची रेघ बघितली आणि आनंदानं टेबलावर थाप मारली. इतकी स्वच्छ शून्य रेघ त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती. त्यांनी तिथल्या तिथे तिला नोकरी दिली. पदाचं नाव होतं शून्यसाक्षी.

त्या दिवशी तपासणी आटोपून ती बाहेर आली तेव्हा रेग्यांच्या खोलीत एक पाहुणे बसले होते. विश्राम परब, सिंधुदुर्गातल्या तिरवळ गावच्या देवस्थान समितीचे अध्यक्ष. कडक इस्त्रीचा शर्ट, आणि बोलण्यात सभेची सवय.

"आमची देवी कोंडकरीण," परब सांगत होते. "मूळ स्थान म्हणजे एक पाषाण. गुडघ्याएवढा. नाक नाही, डोळे नाहीत, नुसता दगड. आता आम्ही नवीन मंदिर बांधलं, लवू मेस्त्रींकडून मूर्ती घडवून घेतली. आठ हात, सिंह, सगळं शास्त्राप्रमाणे. अर्धा गाव म्हणतो मूर्ती बसवा, अर्धा म्हणतो पाषाण हलवायचा नाही. तीन वर्षं जत्रा झालेली नाही, साहेब. भावाभावांत बोलणं नाही."

"तुमच्याकडे कौल लावतात ना?" रेग्यांनी विचारलं.

"लावतात. गुरव पाषाणाला पाकळ्या चिकटवतो, उजवी पडली की देवीचा होकार. पण या भांडणात गुरवाच्या हातच्या पाकळ्या मानणार कोण? म्हणून दोन्ही बाजूंनी ठरवलंय, कौल यंत्राचा घ्यायचा. पाषाण जागृत निघाला तर तो गाभाऱ्यात जाईल आणि मूर्ती सभामंडपात. नाही निघाला तर पाषाणाचं कोंडीत, म्हणजे नदीच्या खोल डोहात, विसर्जन. फक्त हे यंत्र काय मोजतं ते मला समजायला हवं. लोक मला विचारणार."

यंत्र समजावून सांगणं हा रेग्यांचा आवडता उद्योग होता. ते सरसावून बसले.

"माणूस एखाद्या गोष्टीपुढे स्वतःला विसरतो, छाती भरून येते, अंगावर काटा येतो. त्या वेळी मेंदूच्या एका ठरावीक भागात एक ठरावीक लय उमटते. तिला आम्ही विस्मयलय म्हणतो. तिच्यामुळे डोक्याबाहेर अतिशय क्षीण चुंबकीय क्षेत्र तयार होतं. ते मोजायचं एकक पुलक. तीस पुलकांच्या वर सरासरी आली की शासन त्या स्थळाला जागृत असल्याचं प्रमाणपत्र देतं."

"मग लावा पट्टा डोक्याला आणि मोजा. त्यात अवघड काय?"

"देवळात गोंगाट असतो, परबसाहेब. चुंबकीय गोंगाट. जनरेटर, घंटा, फोन, त्रिशूळ. विस्मयलय त्याच्यात पार बुडून जाते. म्हणून आम्ही वाण्याचं डोकं चालवलं. वाणी तुपाचा डबा काट्यावर ठेवतो, आणि मग?"

"रिकाम्या डब्याचं वजन वजा करतो."

"तेच! भक्ताच्या डोक्याला एक पट्टा, आणि त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या माणसाला तसाच दुसरा पट्टा. गोंगाट दोघांकडे सारखाच. पहिल्यातून दुसरा वजा केला की गोंगाट संपला, निव्वळ विस्मय उरला. अट एकच, दुसऱ्या माणसाला तिथे काहीही वाटता कामा नये. आमचा रिकामा डबा म्हणजे या विभावरीताई."

परबांनी विभावरीकडे पाहिलं. तिनं मान हलवली. रिकामा डबा म्हटल्याचं तिला काही वाटलं नाही, हेही रेग्यांच्या म्हणण्याला पुष्टीच देणारं होतं.

"आणि बाईंना तिथे काही वाटलं तर?"

"म्हणून तर दर महिन्याला तपासतो," रेगे हसले. "विद्वानांनी निवडलेली जगातली सगळी पवित्र सुंदरता त्यांच्यावर ओतून झालीय. रेघ ढिम्म हलत नाही."

तिरवळला ते पोचले तेव्हा दोन्ही बाजू आवारात येऊन उभ्या होत्या, मध्ये दोन माणसं जातील एवढी वाट सोडून. नवं मंदिर ताज्या गुलाबी रंगाचं होतं. शेजारी जांभ्या दगडाची कौलारू जुनी घुमटी, जिच्यात वाकूनच शिरावं लागे. नव्या मंदिरातली मूर्ती खरोखर देखणी होती. काळाभोर दगड, रेखीव ओठ, प्रत्येक बोटाला नख, सिंहाच्या आयाळीचा केस न् केस वेगळा. तिची अजून प्राणप्रतिष्ठा झाली नव्हती, तरी लोक हात जोडत होते.

आधी मूर्तीपुढे मोजमाप झालं. गावातून चिठ्ठ्या टाकून निवडलेली माणसं एकेक करून आत यायची, पट्टा बांधून उभी राहायची. दोन हात अंतरावर विभावरी दुसरा पट्टा बांधून उभी असायची. शून्यसाक्षीनं वस्तूला हात लावायचा नाही, भक्ताशी बोलायचं नाही, असा नियम होता. वेळ घालवायला ती मनात आठवड्याची भाजी ठरवायची. सोमवारी दुधी, मंगळवारी गवार. तन्वीरच्या पडद्यावर आकडे चढत होते. पस्तीस. बेचाळीस. एक बाई तर ढसाढसा रडली, तिचे एकोणपन्नास आले. लवू मेस्त्रींचा आणि गुरवाचा आकडा मात्र शून्य आला. दाजी गुरव, साठीचा, वाकलेला माणूस. रेगे समजुतीनं म्हणाले की घडवणाऱ्यांचं आणि रोजची पूजा करणाऱ्यांचं असं होतं, आचाऱ्याला कुठे जेवणाचा वास येतो. सरासरी अडतीस पुलक. मूर्तीवाल्यांच्या बाजूनं टाळ्या पडल्या.

मग मंडळी घुमटीत गेली.

आत एक समई होती आणि तेलाचा जुना वास. पाषाण कुणी घडवलेला नव्हता. पिढ्यान् पिढ्यांच्या हातांनी तो गुळगुळीत झाला होता. या गावात बायका गाऱ्हाणं घालताना फुलं वाहत नाहीत, पाषाणावर दोन्ही अंगठे टेकवतात आणि मनातलं बोलतात. त्यानं दगडात दोन खळगे पडले होते. त्यांच्यात तेल साचून समईचा उजेड हलत होता.

माणसं आली, पट्टा बांधून उभी राहिली, गेली. शून्य. शून्य. शून्य. पाषाणाच्या बाजूची माणसं यायची तेव्हाही शून्यच. एका म्हातारीनं अंगठे टेकवून इतका वेळ डोळे मिटले की तिला हाताला धरून उठवावं लागलं, तिचाही आकडा शून्य.

लवू मेस्त्रींची पाळी आली तेव्हा लोक हसले. ज्याची मूर्ती तोच पाषाणापुढे! मेस्त्री पन्नाशीचे, दगडाच्या धुळीनं पापण्याही पांढुरक्या झालेले. ते पाषाणापुढे बसले आणि बराच वेळ नुसते खळग्यांकडे बघत राहिले. उठताना त्यांनी डोळे पुसले. पडद्यावर शून्य होतं.

"ही कोणी केली नाही," ते बाहेर पडताना रेग्यांना म्हणाले. "ही होत गेली. आम्ही छिन्नीनं करतो ते हिच्यावर बोटांनी झालंय. माझी मूर्ती मी देवीला बघून नाही घडवली, समितीला विचारून घडवली. हात किती, शस्त्रं कुठली, ओठ हसरे की कसे, प्रत्येक गोष्टीचा ठराव आहे. ही अशीच राहू द्या, साहेब."

"मी कोण राहू देणारा?" रेगे म्हणाले. "आकडा बोलतो."

प्रत्येक सत्रानंतर शून्यसाक्षीला एक प्रश्न विचारायचा असतो. तन्वीरनं तो विचारला. "काही जाणवलं, ताई?"

विभावरीनं प्रामाणिकपणे विचार केला. भाजी गुरुवारपर्यंत ठरली होती आणि पुढचं ठरवायचं राहून गेलं होतं. "नाही," ती म्हणाली. "पाय दुखतायत."

परबांनी शिष्टाचार म्हणून पाषाणवाल्यांच्या म्होरक्याला आकडे दाखवले. त्यानं चष्मा लावून ते दोनदा वाचले आणि कागद परत दिला. शब्द दिलेला होता. पाषाण खणून काढला, दाजी गुरवानं मंत्र म्हणून त्यातलं देवत्व कलशातल्या पाण्यात घेतलं, आणि कोऱ्या कापडात गुंडाळलेला तो दगड वाजतगाजत नदीच्या कोंडीकडे निघाला. तिथे पाणी हिरवंकाळं होतं, तळ कुणी पाहिलेला नव्हता. दगड पाण्यात गेला तेव्हा फारसा आवाज झाला नाही. काही बायका तोंडाला पदर लावून रडत होत्या. विभावरी यंत्राच्या पेट्यांजवळ उभी होती. एका पेटीचा पट्टा सैल झालाय एवढंच तिच्या मनात आलं. तिनं तो आवळला.

दीड महिन्यानं लवू मेस्त्री पुण्याला केंद्रात येऊन थडकले. पायात धुळीच्याच चपला, हातात पिशवी.

"माझा आकडा चुकलाय," ते म्हणाले.

रेगे सौजन्यानं हसले. "मेस्त्री, माणसाला वाटतं की आपल्याला वाटलं. त्यावर विश्वास ठेवता येत नाही, म्हणून तर यंत्र केलं."

"मूर्तीपुढे मला काही वाटलं नाही. माझीच ती, तिच्या सगळ्या चुका मला पाठ आहेत. तिथे तुम्ही शून्य लिहिलंत, ते बरोबर. पण पाषाणापुढे माझे डोळे भरून आले. त्यालाही तुम्ही शून्यच लिहिलंत. दोन्ही शून्यं सारखी कशी? एवढंच सांगा, मी परत जातो."

रेग्यांनी त्यांना चहा पाजून वाटेला लावायचं ठरवलं होतं. पण तन्वीर उठून आपल्या खोलीत गेला, आणि गेला तो गेलाच. चहा थंड झाला. तो परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"सर, आपण पडद्यावर दाखवतो तो आकडा कच्चा नसतो," तो म्हणाला. "सुरुवातीला तुम्ही एक नियम सांगितला होतात. आठवतं?"

"कुठला?"

"वजाबाकी उणे आली तर शून्य लिहायचं. तुम्ही म्हणालात, उणे विस्मय अशी चीज जगात नसते, शून्याखाली गेलेला आकडा म्हणजे यंत्राचा गोंगाट. मी तसं लिहून टाकलं आणि विसरलो. आत्ता मूळ नोंदी उघडल्या. पाषाणापुढे एकही आकडा शून्य नव्हता. सगळे उणे आहेत. मेस्त्रींचा उणे बारा. त्या म्हातारीचा उणे चार. गुरवाचा उणे एक्केचाळीस."

रेग्यांनी चहाचा कप बाजूला सारला. ते हुशार होते. पुढचं त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. मेस्त्रींना मात्र होती.

"म्हणजे काय?"

"म्हणजे तुम्हाला वाटलं होतं," तन्वीर म्हणाला. "पण शेजारच्या पट्ट्यात तुमच्याहून जास्त होतं. तुपाचा डबा आणि रिकामा डबा असं धरून आपण वजा करत गेलो. रिकामा डबाच भरलेला होता."

सगळ्यांनी विभावरीकडे पाहिलं. ती खिडकीजवळ बसून संत्रं सोलत होती.

"मला काही वाटलं नव्हतं," ती म्हणाली. आणि ते खरंच होतं.

तिला त्याच दुपारी निश्चुंबक खोलीत बसवलं. या वेळी समितीची यादी नव्हती. मोजमापाआधी प्रत्येक वस्तूची त्रिमित प्रतिमा घेऊन ठेवायची पद्धत होती, ती कामाला आली. खोलीतले दिवे मालवले आणि समोर हवेत तो पाषाण उभा राहिला, तेल साचलेल्या खळग्यांसकट. तन्वीरनं आतला पडदाही सुरू ठेवला होता. तिला स्वतःचा आकडा दिसत होता. सहा. एकोणीस. तेहतीस. एक्केचाळीस. तिथे तो थांबला आणि मंद हेलकावत राहिला.

"आता काय वाटतंय, ताई?"

विभावरीनं आत चाचपून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. पाठीला खुर्ची लागत होती. संत्र्याचा वास बोटांना होता. आकडा कुणा दुसऱ्याचा असावा आणि चुकून आपल्यासमोर आला असावा असं वाटत होतं.

"काही नाही," ती म्हणाली.

रेग्यांनी नंतर ते समजावून सांगितलं, पण या वेळी सरसावून नाही. विस्मयलय तिच्या मेंदूत उमटते, पुरेपूर उमटते. फक्त ती जिथे पोचल्यावर माणूस 'मला वाटतंय' म्हणतो, तिथवरची वाट बंद झाली आहे. टपाल येऊन दारात पडतं, घरातल्या माणसाला पत्ता नसतो. आणि यादीतल्या चित्रांनी रेघ हलली नाही याचं कारण तिची शून्यता नव्हतीच. ती यादी होती. कळस, पणत्या, समूहगान, जे जे पवित्र म्हणून आधीच ठरलेलं आणि मान्य झालेलं होतं तेवढंच तिच्यात होतं. त्यातल्या कशानंच या बाईला काही होत नव्हतं. यादीबाहेरचं तिला कधी कुणी दाखवलंच नाही.

"बाकीची शून्यंही उघडतो," तन्वीर म्हणाला.

तिच्या कारकिर्दीत शून्य आलेली, तिरवळ धरून, एकूण पाच स्थळं होती. पाचही उणे निघाली. एका पाड्यावरच्या झोपडीत लग्नाच्या वेळी पांढऱ्या पिठानं चित्रं काढलेली भिंत होती. शून्य आल्यावर तिथे फरशा बसवल्या. खाडीकाठच्या एका चर्चमध्ये लाटांनी आणून टाकलेल्या ओंडक्याचा क्रूस होता, तो काढून संगमरवरी लावला. डोंगरावरच्या एका दर्ग्याची नुसती चुन्याची पांढरी भिंत होती, तिच्यावर आता कमानी रंगवल्यात. जिथे जिथे विभावरी सबनीस हलली होती, तिथे तिथे शून्य लिहिलं गेलं होतं, आणि शून्य लिहिल्यामुळे ती गोष्ट जगातून गेली होती.

तन्वीर वाचत होता आणि रडत होता. मेस्त्री डोकं धरून जमिनीवरच बसले. विभावरीनं त्या पाच नावांकडे पाहिलं. यांच्याबद्दल आपल्याला भयंकर वाईट वाटायला हवं, हे तिला समजत होतं. कदाचित वाटतही असेल. तिला कळायला मार्ग नव्हता.

"प्रमाणपत्रं परत घेता येणार नाहीत," शेवटी रेगे म्हणाले. त्यांचा आवाज थकलेला होता. "सहाशे स्थळं आहेत, आता सगळ्यांवरच शंका येईल. रस्ते झालेत, धर्मशाळा झाल्यात. मी हे वर सांगितलं तर केंद्र बंद होईल. नाही सांगितलं तर..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "विभावरीताई, तुम्ही काही दिवस रजेवर जा. शून्यसाक्षी म्हणून आता तुम्ही चालणार नाही."

"तिरवळला सांगायला हवं," ती म्हणाली.

"तुम्हाला काही वाटत नाही, तर कशाला जाता?"

"वाटत नाही म्हणूनच जाता येईल," विभावरी म्हणाली. "तुम्हाला नाही जमायचं."

परबांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. त्यांना यंत्र चांगलं समजलं होतं, म्हणून हेही लगेच समजलं. ते घाम पुसत राहिले. मग म्हणाले, "बाई, गावात आत्ता कुठे जत्रा भरली. भाऊ भावाच्या घरी जेवला. तुम्ही दगड परत वर काढायला सांगताय. त्या कोंडीत पाणबुडे उतरवले तरी कुठला दगड आपला, कसं ओळखायचं? आणि कौल एकदा झाला की तो फिरवत नाहीत. आमच्याकडे तशी रीत नाही." त्यांचा आवाज शेवटी अगदी लहान झाला. "तुम्ही हे अजून कुणाला सांगितलंत का?"

"गुरवांना सांगणार आहे," ती म्हणाली.

दाजी गुरवाचं घर मंदिरामागे होतं. दुपारची जेवणं आटोपली होती. तो ओसरीवर बसून वाती वळत होता. तिला त्यानं ओळखलं, बसायला पाट दिला, आणि बायकोला हाक मारून सरबत सांगितलं. विभावरीनं त्याला वजाबाकी समजावली. एवढं मोठं आयुष्य पाकळ्यांची डावी-उजवी बघण्यात गेलेला माणूस तो, त्याला चटकन कळली.

"म्हणजे माका काय वाटूक नाय, तां यंत्राक बरोबर समाजला," तो म्हणाला.

"हो." तिचे एक्केचाळीस आणि त्याची वजाबाकी उणे एक्केचाळीस, म्हणजे त्याचं स्वतःचं शून्य. तिच्या हिशेबात ते आधीच आलं होतं.

त्यानं हातातली वात खाली ठेवली. "तीस वर्सां मी तिची पूजा केलंय, बाय. माझ्या बापाशीन केल्यान, आज्यान केल्यान. लोक येयत, रडत, बोलत. मी बाजूक हुबो. एकदा तरी माका कायतरी वाटात म्हणान वाट बघलंय. काय्येक वाटूक नाय. विसर्जनाच्या दिसा कलशात तिका घेतलंय, तेव्हाय नाय. पाणीच ता. कोणाक सांगू? गुरवान असा सांगाचा?" तो थांबला. मग पुढे सरकून बसला आणि हलक्या आवाजात, शेजारच्या घरात ऐकू जाऊ नये अशा बेतानं त्यानं विचारलं, "तुमका वाटला ना? काय वाटता तेव्हा? माका सांगा."

विभावरी आठवू लागली. थंड फरशी. तेलाचा वास. हलणारा उजेड. दुखणारे पाय. शांती, तेज, माया असे शब्द तिला ठाऊक होते, लोकांच्या तोंडून तिनं ते शेकडो वेळा ऐकले होते, आणि त्यातला एखादा काढून दिला असता तर हा माणूस तो आयुष्यभर जपून ठेवणार होता. तिनं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिला खोटं बोलवेना.

"एक्केचाळीस," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"मला कळलं नाही, दाजी. माझ्या आत झालं, पण मला कळलं नाही. माझ्याकडे फक्त आकडा आहे."

"आकडो मोठो आसा?"

"हो. तिच्यापुढे जेवढी माणसं उभी राहिली, त्या सगळ्यांत मोठा."

गुरवानं वळलेल्या वाती बाजूला सरकवल्या. मग तो उठला, खांद्यावरचा पंचा कमरेला बांधला, आणि गाभाऱ्यात वाकावं तसा वाकून त्यानं हात जोडले.

विभावरीनं मागे वळून पाहिलं. मागे अंगणात कोकमं वाळत घातली होती. तिथे दुसरं कुणी नव्हतं.